बासरचा घाट आणि घर शोधणारी मुलगी

आदिलाबादकडील मराठी माणसाला बासरचे माहात्म्य सांगण्याची आवश्यकता नाही. घरात मूल तीन-चार वर्षांचे झाले की आजी दिनदर्शिका काढून बसते आणि वसंतपंचमीला जावे की गर्दी टाळून पुढे-मागे जावे, याची चर्चा सुरू होते. आमचा स्वतःचा अक्षराभ्यास तेथेच झाला. त्या वेळी हातात दिलेली लेखणी आम्ही तोंडात घातली होती, असे वडील सांगत. पुढे मराठी घेऊन एम. ए. झालो आणि सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाच्या खुर्चीपर्यंत येऊन पोहोचलो. त्याचे श्रेय देवीला द्यावे की त्या लेखणीला, हा वाद आमच्या घरी अद्याप मिटलेला नाही.

२०१६ च्या ऑक्टोबरात आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि बासर निर्मल जिल्ह्यात गेले. १९५६ साली किनवट आणि राजुरा हे भाग आमच्या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले होते, ते आमच्या वडिलांनी पाहिले. बासरचे जाणे आम्ही पाहिले. परंतु बोलताना आम्ही अजूनही 'आपले बासर' असेच म्हणतो.

या खेपेस निमित्त धाकट्या बंधूंच्या नातवाचे होते. आम्ही, सौभाग्यवती, सूनबाई आणि चिरंजीव नातू असे चौघे आदिलाबादहून बसने निघालो. नेरडीगोंड्यापुढचा घाट, दोन्ही अंगांची सागाची झाडी, मग निर्मल. तेथे लाकडी खेळण्यांच्या दुकानापुढे नातवाने मुक्काम ठोकला आणि एक पोपट घेतल्याखेरीज तो हलला नाही. भैंशापासून पुढे काळी जमीन आणि कापूस, आणि दुपारच्या आत गोदावरी.

पण आमच्या मनात दुसरेही एक निमित्त होते. डिसेंबर २०२० मध्ये एका मुक्या-बहिऱ्या तरुणीला याच बासरला आणले होते. ती देवदर्शनास आली नव्हती. आपले घर येथे आहे काय, हे पाहावयास आली होती. तिचे नाव गीता. वाचकांपैकी बहुतेकांनी ते ऐकले असेल, तरीही थोडक्यात सांगतो.

लाहोर आणि अटारी यांच्या दरम्यान १९७६ ते २०१९ या काळात समझोता एक्स्प्रेस नावाची गाडी धावत असे. त्या गाडीत लाहोरला पाकिस्तानी रेंजर्सना एक लहान मुलगी एकटीच बसलेली आढळली. तिला ऐकू येत नव्हते, बोलता येत नव्हते, लिहिता येत नव्हते. ती कराचीच्या ईधी फाउंडेशनच्या आश्रयास गेली. प्रथम तिचे नाव फातिमा ठेवले होते. परंतु मुलगी हिंदू असावी असे लक्षात आल्यावर बिल्किस ईधी यांनी ते बदलून गीता केले आणि तिच्या पूजेअर्चेस जागा करून दिली. तेथे ती दहा वर्षांहून अधिक काळ राहिली. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी, सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री असताना, ती भारतात परतली. परतली खरी, पण घरी नव्हे. बिहारमधील एका कुटुंबाने ती आपली म्हटले. डीएनए जुळला नाही. मग आणखी कुटुंबे आली. तीही तिची नव्हती. इंदूरच्या संस्थेत ती राहू लागली आणि वर्षे जाऊ लागली.

शोधणाऱ्यांच्या हाती पत्ता नव्हता, होत्या त्या तिने खुणांनी सांगितलेल्या काही गोष्टी : एक नदी, नदीकाठचे देऊळ, जवळच रेल्वेचे स्टेशन, उसाची आणि भाताची शेते. इंदूरचे सांकेतिक भाषातज्ज्ञ ज्ञानेंद्र पुरोहित आणि त्यांच्या पत्नी मोनिका यांनी त्या खुणा नकाशावर बसविण्याचा प्रयत्न केला आणि तिला घेऊन ते गोदावरीच्या खोऱ्यात उतरले. नांदेडला आले आणि तेथून बासरला.

आम्ही देवळात शिरलो तेव्हा हे सारे डोक्यात होते. व्यासांनी गोदावरीतील वाळूच्या मुठी आणून येथे देवीची स्थापना केली, अशी कथा आहे. व्यासपुरीचे वासर आणि वासरचे बासर झाले म्हणतात. मूर्तीस हळद लावलेली असते, आणि तीच हळद प्रसाद म्हणून मिळते. मंडपात रांगेने आईबाप बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर मूल, मुलाच्या पुढे पाटी. पुजारी मुलाचे बोट धरून पहिले अक्षर गिरवून घेत होते. कोणी तेलुगूत रडत होते, कोणी मराठीत; रडण्याचा अर्थ एकच होता. आमच्या नातवाने मात्र शहाण्यासारखे गिरविले आणि पोपटास पाटी दाखविली.

अक्षरांच्या या देवीपुढे एक निरक्षर मुलगी आपले गाव शोधीत आली होती, ही गोष्ट आमच्या मनातून जाईना.

दुपारी मंडळी धर्मशाळेत विसावली असता आम्ही एकटेच घाटावर गेलो. नदी आहे. देऊळ आहे. थोड्या अंतरावर निजामाबाद-मुदखेड मार्गावरचे स्टेशन आहे. भाताची शेतेही आहेत. हिशेब बरोबर जुळत होता आणि तरीही उत्तर चुकलेले होते. गोदावरीच्या काठाने वर निघालो तर अशा जागा किती! गंगाखेडला नदी, देवळे, स्टेशन आणि ऊस, सारेच आहे. लहान मुलाला गाव म्हणजे एवढेच दिसते, आणि तेवढे तर प्रत्येक गावात असते.

एक वृद्ध नावाडी सावलीस बसले होते. आम्ही विचारले, "बाबा, जत्रेत मुले हरवतात काय हो?"

"हरवतात की, सार. मग भोंग्यावरून नाव पुकारतात."

"ज्याला नाव सांगता येत नाही, त्याचे?"

"त्याला देवळापाशी बसवून ठेवायचं. कोणीतरी येतंच."

हे आम्ही का विचारले, ते सांगणे आम्हांस सोपे नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेची सहल घेऊन येथेच आलो होतो. बरोबर आठवीतला एक मुलगा होता. त्याला ऐकू येत नसे आणि बोलता येत नसे. घाटावरून परत निघताना मुले मोजली, एक कमी. पुन्हा मोजली. आम्ही त्याच्या नावाने हाका मारू लागलो. दहा-बारा हाका मारून झाल्यावर आमच्या ध्यानात आले की ज्याला ऐकूच येत नाही त्याला आम्ही हाका मारीत आहो. त्या क्षणीची शरम आजही अंगावर येते.

चार तासांनी तो स्टेशनात सापडला. फलाटावर उभ्या असलेल्या नांदेडकडच्या गाडीत खिडकीशी बसला होता. दुसऱ्या एका शाळेची मुले त्या गाडीत चढली, त्यांचा गणवेश आमच्यासारखाच, म्हणून हाही चढला. एका हवालदारांनी त्यास वेळीच खाली उतरविले होते. त्यांनी कागद-पेन्सिल पुढे करून गावाचे नाव लिहावयास सांगितले, तेव्हा त्याने सुंदर, वळणदार अक्षरात लिहिले : 'सुविचार'. फळ्यावर रोज सर्वांत वर तोच शब्द असे. आठ वर्षे तो आमच्या शाळेत फळा उतरवीत होता. त्याच्या वहीस आम्ही बक्षीस दिले होते. ते शब्द म्हणजे काही वस्तू आहेत, गावे आहेत, माणसे आहेत, हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते. त्याच्या खिशात चिठ्ठीही नव्हती. या दोन्ही चुका आमच्या होत्या.

परत आल्यावर आम्ही त्याला त्याच्या गावाच्या फाट्यावर नेले आणि पाटीकडे बोट दाखविले. तेथे दुसरीच अडचण! पाटीवर नाव तेलुगूत आणि इंग्रजीत. मुलगा मराठी माध्यमाचा. शेवटी आमच्या शिपायांनी खिशातला खडू काढला आणि तेच नाव खाली देवनागरीत लिहिले. मुलाने अक्षरांकडे पाहिले, गावाकडे पाहिले, पुन्हा अक्षरांकडे पाहिले. मग आमच्या हातचा खडू घेऊन त्याने ते नाव पाटीच्या खांबावर, दगडावर आणि शेवटी डांबरी रस्त्यावर लिहिले. एक बैलगाडी थांबवावी लागली. आज तो आदिलाबादेत जिनिंगमध्ये कामास आहे. भेटला की अजून हवेत बोटाने आपले गाव लिहून दाखवितो.

त्याची गाडी सुटली असती तर? गीतेच्या बाबतीत गाडी सुटली होती. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस परभणीवरून जाते. अमृतसरपासून अटारी काही दूर नाही. ती याच वाटेने गेली असावी, असा तर्क आहे. एका मुलाने उगीचच एका डब्यात चढावे आणि उतरावे ते परक्या देशात, हे वाचताना आम्हांस आमच्याच विद्यार्थ्याची खिडकी दिसते.

ऑगस्ट २०१९ मध्ये मलेशियात सेरेम्बानजवळ अशीच एक गोष्ट घडली, तिचा शेवट मात्र निराळा. लंडनहून आईबापांबरोबर सुटीस आलेली, बुद्धीची वाढ कमी असलेली पंधरा वर्षांची मुलगी पहिल्याच रात्री निवासातून नाहीशी झाली. शेकडो माणसे जंगल पिंजत होती. आईचा आवाज ध्वनिमुद्रित करून भोंग्यावरून जंगलात ऐकविण्यात आला. दहाव्या दिवशी तिचा मृतदेह सापडला. ती बाहेर कशी गेली, याचा निर्णय न्यायालयासही करता आला नाही; जून २०२१ मध्ये तो प्रश्न खुलाच ठेवण्यात आला. आईचा आवाज ऐकूनही लेक आली नाही, आणि आमच्याकडच्या लेकीला आईचा आवाज ऐकूच येणार नव्हता.

हरवलेल्या मुलाची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदविलाच पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिला. १०९८ हा क्रमांक मुलांसाठी आहे, ११२ सर्वांसाठी आहे. नागपुरात वाढलेल्या एका मतिमंद मुलाचे जबलपूरचे घर २०२१ साली आधारच्या ठशांवरून सापडले. गीता हरवली तेव्हा आधार नव्हते. नंतर ते आले तरी तिचा ठसा जुळवायचा कोणाशी? तिच्या लहानपणी तिचा ठसा कोणी घेतलेलाच नव्हता.

बासरला तिचे घर सापडले नाही. ती मंडळी पुन्हा नदीच्या वरच्या अंगास गेली, परभणीस पोहोचली, आणि २०२१ च्या मार्चमध्ये बिल्किस ईधी यांनी कराचीहून सांगितले की गीतेला आई मिळाली. परभणी जिल्ह्यात जिंतूरकडचे मराठी कुटुंब. वडील वारले होते. आई सत्तरीची झाली होती. लेकीच्या अंगावरची भाजल्याची जुनी खूण आईने न पाहता सांगितली आणि ती तशीच निघाली. घरातले नाव राधा. म्हणजे ती बासरच्या घाटावर आली होती तेव्हा तिची आई रेल्वेने काही तासांच्या अंतरावर होती. बिल्किस ईधी पुढे एप्रिल २०२२ मध्ये वारल्या. त्यापूर्वी त्यांना हे कळले, याचे आम्हांस समाधान वाटते.

आम्हांस राहून राहून वाटते ते त्या आईचे. ती मराठी बोलते, लेक हातांनी बोलते. मध्ये दुभाषी बसवून दोघी इतक्या वर्षांची विचारपूस कशी करीत असतील? आपल्या घरांत कोणी मूकबधिर मूल असेल तर त्याच्याशी हातांनी बोलावयास घरातले किती जण शिकतात? आमच्या शाळेत त्या सहलीपूर्वी एकही शिक्षक शिकला नव्हता, मुख्याध्यापक धरून.

येताना आम्ही रेल्वेने निघालो. बासरहून आदिलाबादला रेल्वेने यावयाचे म्हणजे धर्माबाद, उमरी, मुदखेड, किनवट असे महाराष्ट्रातून फिरून आपल्याच राज्यात परतावे लागते. सौभाग्यवतींनी नातवास खिडकीशी घेतले आणि विचारले, "बाळा, तुझं गाव कोणतं?"

"आजीचं," तो म्हणाला.

"अरे, पण त्याचं नाव काय?"

त्याने विचार केला आणि पोपटास विचारून सांगतो म्हणाला. सूनबाई हसल्या. आम्ही त्याच्या खिशातली चिठ्ठी काढली. निघतानाच आम्ही ती तेलुगू, मराठी आणि इंग्रजीत लिहून ठेवली होती. पण प्रसादाची पुडी त्याच खिशात सुटली होती आणि फोनचे आकडे हळदीने पार पुसट झाले होते. सौभाग्यवती म्हणाल्या, "राहू द्या, देवीची हळद आहे." आम्ही ती चिठ्ठी त्यांच्या हाती दिली आणि मुदखेड येण्यापूर्वी दुसरी लिहून त्याच्या खिशात घातली.