निरोपाच्या पुरचुंड्या

रामटेकला राहून मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला एक हक्काचा त्रास येतो. आषाढ लागला की नागपूरकडचे पाहुणे गडावर येतात, आभाळाकडे बोट दाखवतात आणि विचारतात, "काय हो प्राध्यापक, तो यक्ष इथंच बसला होता ना?" महामहोपाध्याय मिराशींनी कालिदासाचा रामगिरी म्हणजे हाच डोंगर असे साधार मांडले. १९९७ साली कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठही गावाला मिळाले. तेव्हा नाही म्हणायची सोय उरलेली नाही. मी मान डोलावतो. पण मनात दर वेळी निराळाच प्रश्न येतो. यक्षाने मेघाला वाट सांगितली. अलकानगरीतल्या घराच्या खुणा सांगितल्या, इंद्रधनुष्यासारखी कमान, अंगणातला मंदार, पाचूच्या पायऱ्यांची बारव. निरोपही सांगितला. पण तो पोहोचला का? कालिदास त्याच्या आधीच थांबतो.

काव्याला हे शोभते. देहाला मात्र असे थांबून चालत नाही, हे मला आमच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी समजावून दिले. पेशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या वहीतले चित्र येते, एक वाटोळे आणि मधोमध ठिपका. प्रत्यक्षात ती एखाद्या भरल्या घरासारखी असते. स्वयंपाकघर वेगळे, कोठीघर वेगळे, केरकचऱ्याची जागा वेगळी. आणि प्रत्येक खोलीला पातळ पापुद्र्याच्या भिंती. एका खोलीत तयार झालेली वस्तू दुसरीकडे न्यायची तर ती तशीच उचलून नेता येत नाही. मग त्या पापुद्र्यालाच एक फुगवटा येतो, त्याचे तोंड आवळले जाते आणि मालासकट एक इवलीशी पुरचुंडी सुटी होते. शास्त्राच्या पुस्तकात तिला पुटिका म्हणतात. ती मुक्कामाला पोहोचली की तिथल्या भिंतीत मिसळून जाते आणि आतला ऐवज पलीकडे रिता होतो.

या पुरचुंड्या केवढ्या? मज्जापेशीच्या टोकाशी ज्या असतात त्या मिलिमीटरच्या साधारण वीस हजाराव्या भागाएवढ्या. आणि त्यांचा प्रवास केवढा! कण्यापासून पायाच्या अंगठ्याकडे जाणारा पेशीचा एकच धागा मीटरभर लांब असतो. त्याच्या आत सूक्ष्म नळ्यांचे रूळ टाकलेले असतात. त्यांवरून प्रथिनांचे हमाल ओझे घेऊन चालतात, एकेक पाऊल ८ नॅनोमीटरचे. अशा पावलांनी जलद म्हणावे असे ओझेही दिवसाकाठी फार तर ४०० मिलिमीटर जाते. म्हणजे कण्यातून निघालेल्या पुरचुंडीला अंगठा गाठायला अडीच-तीन दिवस लागतात.

पण नुसते पोहोचून भागत नाही, योग्य दारी उतरावे लागते. त्यासाठी पुरचुंडीच्या अंगावर एक दोरा असतो आणि मुक्कामाच्या भिंतीवर त्याच्या जोडीचे दोरे असतात. जोडी जुळली की ते वेणीच्या पेडांसारखे एकमेकांत गुंफले जातात आणि पुरचुंडीला भिंतीशी ओढून घेतात. ही सारी व्यवस्था उलगडल्याबद्दल २०१३ साली रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या कथेत आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करणारे ओबेद सिद्दीकी यांनी सेमूर बेंझर यांच्यासह १९७६ साली काही विलक्षण फळमाश्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हवा तापवली की या माश्या लुळ्या पडत आणि गारवा मिळाला की पुन्हा उठत. त्यांतल्या एका जातीच्या माश्यांत नेमके काय बिघडले होते ते १९९५ साली कळले. गुंफलेली वेणी काम झाल्यावर सोडवून दोरे मोकळे करणारे प्रथिन असते, ते त्यांच्यात उष्णतेने निकामी होत होते. मोकळे दोरे संपले की पुढचे निरोप थांबणारच!

हे ऐकत असताना मला माझी आजी आठवली. तिची दोन मुले जन्मानंतर आठवडाभरातच गेली. त्याबद्दल ती फारसे बोलत नसे. मूल छान रडले, छान प्याले. मग दूध ओढीनासे झाले, जबडा मिटला, अंग धनुष्यासारखे ताणले, नुसते भांडे वाजले तरी पुन्हा आचका येई. दोन्ही वेळा सुईणीने नाळ घरच्या विळ्याने कापली होती. आजीने कधी विळ्याला बोल लावला नाही. "सहाव्या रात्री सटवीनं तेवढंच लिहिलं होतं," एवढेच ती म्हणे.

सटवीने जे लिहिले ते आता वाचता येते. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात. जखमेत ते वाढले की त्यांचे विष मज्जातंतूच्या टोकातून आत शिरते आणि तिथल्याच एका पुरचुंडीत बसून, त्याच रुळांवरून, उलट दिशेने कण्याकडे जाते. देहाच्या टपालातूनच देहाचा वैरी प्रवास करतो! तिथे ते शेजारच्या पेशींत शिरते. स्नायूंना 'सैल सोड' असा निरोप पोहोचवणे हे या पेशींचे काम. विष त्यांच्या पुरचुंड्यांवरचा दोरा कापून टाकते. हे १९९२ साली इटलीतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पुरचुंड्या भरलेल्या असतात, दारापर्यंत आलेल्याही असतात. पण उघडत नाहीत. स्नायूंना मग 'आवळ' एवढाच निरोप मिळत राहतो.

विष एकदा मज्जापेशीत शिरले की प्रतिविषाचा हात तिथे पोहोचत नाही. म्हणून पहारा आधीच बसवावा लागतो. गरोदर बाईला लस टोचली की तिच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात आणि वारेतून बाळाकडे जातात. तीही अशाच पुरचुंड्यांत बसून जातात, हे ऐकले तेव्हा मी सहकाऱ्यांना पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. लस, स्वच्छ पाते आणि दवाखान्यातले बाळंतपण यांच्या बळावर २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षाही कमी बालकांना तो होतो. जंतू मातीत आहेतच, म्हणून टोचणे थांबवता येत नाही.

आमच्या घरी सटवीची पूजा अजून होते. गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या बाळाची सहावी रात्र होती. माझ्या आईने पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवले, समई लावली. पुतणीच्या दंडावर लस टोचून कित्येक महिने झाले होते. ती ते विसरूनही गेली होती. सकाळी कागद कोराच होता. पुतणी मात्र जांभया देत कुरकुरत होती, "रात्रभर डोळा लागू दिला नाही यानं, दर दोन तासांनी दूध हवं." आई हसली, आणि काही न बोलता तिने कागदाची घडी घालून ती देवाजवळ ठेवली.