उलट्या दिशेची लोकल

खरं सांगू? एकोणतीस वर्षं डोंबिवलीत काढली, पण कल्याणच्या पुढे रेल्वे असते हे मला फक्त अनाउन्समेंटमधून माहीत होतं. आपली लोकल म्हणजे ठाण्याकडे जाणारी. कसारा लोकलशी संबंध एवढाच, की संध्याकाळी ठाण्याहून चुकून त्यात शिरलं की लांबच्या बायका ओरडणार, ‘डोंबिवलीच्या असून यात कशाला चढता गं?’ (त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.)

तर यंदाच्या जुलैत एका सकाळी, कळव्याच्या जरा अलीकडे माझा श्वासच अडकला. गर्दी रोजचीच, डबा रोजचाच. पण छातीत धडधड, हातांना मुंग्या, वाटलं संपलं सगळं. ठाण्याला बायकांनी मला अक्षरशः उचलून खाली उतरवलं. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, ‘पॅनिक अटॅक’. झालं! त्यानंतर प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला की तळव्यांना घाम. ऐरोलीचं ऑफिस आठवड्यातून तीन दिवस, तेवढं मी कॅबने करायला लागले. महिनाअखेरीला अकाऊंट बघायची हिंमत होईना. बॉसला सांगितलं, गुडघा दुखतोय. ऑफिसात गुडघा चालतो हो, भीती नाही चालत.

खरं काय ते फक्त डब्यातल्या एका ताईला माहीत होतं. घाटकोपरच्या बँकेत असते ती, गेली सहा वर्षं आम्ही एकाच दाराशी उभ्या. तिचा फोन आला, ‘रविवारी पहाटे येतेस का? आम्ही काही जण चालायला जातो.’

मी लगेच नाही म्हटलं. एकदा एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर किल्ल्यावर गेले होते. पैसे भरले, टी-शर्ट मिळाला आणि दिवसभर ‘चला मॅडम, टाइम होतोय’ ऐकलं. मी शेवटची पोचेपर्यंत बाकीच्यांचे फोटो काढूनही झाले होते!

‘अगं, ट्रेक नाही,’ ताई म्हणाली, ‘नुसतं चालायचं. आणि रविवारी पहाटे उलट्या दिशेची गाडी रिकामी असते.’

या शेवटच्या वाक्यावर मी गेले.

आणि खरंच! सप्टेंबरातला रविवार, आसनगाव लोकल, खिडकीची जागा. (टिटवाळा लोकल पकडू नका, ती टिटवाळ्यालाच संपते.) कल्याण गेलं, शहाड गेलं, आंबिवली गेलं आणि बिल्डिंगा एकदम विरळ झाल्या. खडवलीला उतरलो तेव्हा लक्षात आलं, चाळीसेक मिनिटं मी श्वास मोजलेच नव्हते.

ग्रुपला नाव नाही, फी नाही. तिकीट ज्याचं त्याने काढायचं. दहा-बारा जण. कल्याणचं एक जोडपं, नाइट शिफ्ट संपवून तसाच आलेला ठाण्याचा एक मुलगा आणि भूगोलाचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. नियम एकच, सगळ्यात हळू चालणारा पुढे. म्हणजे त्या दिवशी मी! आयुष्यात पहिल्यांदाच मी कशात तरी पुढे होते.

दुसरा नियम नंतर कळला, नदीत उतरायचं नाही. खडवलीच्या भातसा नदीत पिकनिकला आलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. वर शहापूर तालुक्यात धरण आहे, दरवाजे उघडले की पाणी बघता बघता वाढतं. हेच पाणी पुढे पिसे इथे उचलतात आणि मुंबईला देतात. मुंबईच्या निम्म्याच्या आसपास पाणी भातसाचं. ‘म्हणजे आमच्या बँकेतला चहा हाच!’ ताई म्हणाली आणि नदीला चक्क हात जोडले.

तिथून गावांमधल्या रस्त्याने वासिंदपर्यंत. दोन्ही बाजूंना भातखाचरं, हळव्या भाताला लोंब्या आलेल्या, बांधांवर तेरडा. बगळे. चिखलाचा वास. एका बांधावर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘कुठं निघाल्या?’ म्हटलं, ‘कुठं नाही, फिरायला.’ ‘मग चालत कशाला? टमटम हाय ना!’ यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मध्ये सर माझ्या शेजारी आले. माहुलीचे सुळके दाखवत शहाजीराजांनी १६३६ मध्ये त्या किल्ल्यावरून मुघलांशी शेवटची झुंज कशी दिली ते सांगितलं. मग, १८५५ साली कल्याणच्या पुढे रूळ आले ते वासिंदपर्यंतच, पुढची चार-पाच वर्षं गाडी इथेच थांबायची. आणि बोलता बोलता सहज विचारलं, ‘गुडघा कसा आहे?’

मी म्हटलं, ‘सर, गुडघा ठीक आहे. मला ट्रेनची भीती वाटते.’

कसं निघून गेलं तोंडून, माहीत नाही. सर थोडा वेळ गप्प चालले. मग म्हणाले, ‘मला कल्याणच्या जिन्याची वाटते. दोन वर्षांपूर्वी गर्दीत पडलो होतो. अजून कठडा धरून उतरतो.’ मागून नाइट शिफ्टवाला ओरडला, ‘मला लिफ्टची!’ मग काय, वासिंद येईपर्यंत प्रत्येकाची एकेक भीती बाहेर आली. कल्याणच्या जोडप्यातल्या नवऱ्याला सासऱ्यांची वाटते म्हणे. बायको इतकी हसली की आम्हाला थांबावं लागलं.

परतीची गाडी दुपारची. कल्याणला गर्दी शिरली आणि माझे तळवे ओले झाले. ताईने काही विचारलं नाही, फक्त तिची तिखटमिठाच्या पुऱ्यांची रेसिपी सांगत राहिली, पार ओव्यापर्यंत. कणकेत मोहन किती घालायचं यावर आमचा वाद चालू असतानाच डोंबिवली आलं.

त्यानंतर पाच रविवार झालेत. सकाळची फास्ट अजून जमत नाही हं. दहाच्या पुढची स्लो घेते, तीही दाराजवळ उभी राहून, आणि मंगळवारी मुंब्र्याला उतरून पुढच्या गाडीची वाट बघावी लागली. पण कॅबचं बिल अर्ध्यावर आलंय. बॉसला गुडघ्याचं खरं काय ते सांगायचं राहिलंय.

येत्या रविवारी वांगणी, म्हणजे कर्जत लाइन. पुऱ्या या वेळी माझ्याकडे आहेत.