जुन्या मोटारींतील रेडिओ

जुनी वस्तु जपणें आणि जुनी वस्तु वापरणें या दोन गोष्टी एक नव्हेत. कपाटांतली पैठणी डांबराच्या गोळ्या घालून जपतां येते. तीच नेसून मंगळागौरीस वावरावयाचें म्हटलें, कीं जरीचा, घडीचा आणि ताणाचा विचार करावा लागतो. आमच्या मोटारींतील रेडिओच्या बाबतींत गेल्या वर्षीं आम्हांस असाच विचार करावा लागला. जुनी मोटार आणि तिचा मूळचा रेडिओ बाळगणारीं घरें वाचकांत असतीलच. त्यांच्या उपयोगीं पडेल म्हणून तो येथें मांडीत आहों.

ही मोटार १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी होय. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट ११०० या गाडीवरून ती तयार होई. पद्मिनी हें नांव तिला १९७४ मध्यें मिळालें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या रूपानें ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत सर्वांच्या पाहण्यांत होती. आमची मात्र बीड सोडून फारशी कोठें गेली नाहीं. तिचा गिअर अजून स्टिअरिंगच्या दांड्याला आहे, आणि डॅशबोर्डाच्या मध्यभागीं तिच्याच वयाचा रेडिओ आहे. दोन गुंड्या, पांच बटणें व एक कांटा. मध्यम लहरींपलीकडचें जग त्याला ठाऊक नाहीं. त्याचा परवाना काढावयास वडील पोस्टांत जात, तें परवान्याचें पुस्तक अजून कप्प्यांत आहे. (त्यावरील शिक्के पाहून आमच्या नातवंडांना हसूं आवरत नाहीं. ऐकावयास परवाना कशाला, हा त्यांचा प्रश्न खरोखर बिनतोड आहे.)

रेडिओ चालू होता. त्याचा स्पीकर मात्र गेला होता. कागदी पडदा कडेला फाटला होता व आंतील तारेचें वेटोळें लोहचुंबकास घासून प्रत्येक शब्दामागून खरखर निघत असे. हें आम्ही कदाचित् चालवूनहि घेतलें असतें. पण घरांत आमच्या आत्याबाई आहेत व त्यांचें वय सत्त्याऐंशी आहे. श्रावणांतल्या एका सोमवारीं कपिलधारेस जाण्याचा आमच्या घरचा प्रघात त्यांच्याच आग्रहानें टिकला आहे, आणि वाटेंत सकाळच्या मराठी बातम्या त्याच रेडिओवर ऐकावयाच्या, हाहि त्या प्रघाताचाच भाग. मोबाइल कानाशीं धरणें त्यांना मानवत नाहीं. "आवाज येतो रे, शब्द येत नाहींत," असें त्या म्हणतात. वार्धक्यांत प्रथम उंच पट्टींतले ध्वनि कानास पारखे होतात. स, श, त, क या व्यंजनांचा ठसठशीतपणा नेमका त्या पट्टींत असतो. त्यामुळें गलका ऐकूं येतो व बोलणें निसटतें. तेव्हां आम्हांस हवा होता तो शब्द पोंचविणारा स्पीकर, नुसता मोठा आवाज काढणारा नव्हे.

बाजारांत मात्र हा विचार कोणी करीत नाहीं. एका दुकानदारानें रेडिओकडे पाहतांच, "हा काढून टाका, नवा बसवितों," असें म्हणून डॅशबोर्डाचा पत्रा कापावयास हत्यार उचललें. पत्रा एकदां कापला कीं तो पुन्हां जुळत नाहीं, हें त्यास सांगून आम्ही गाडी बाहेर काढली. आमच्या पुतण्यानें मधला मार्ग सुचविला: रेडिओ जुनाच ठेवावा व त्यास नवे, ३०० वॅटचे दोन स्पीकर जोडावे. मुलगा इंजिनिअर आहे, जरी तो संगणकाचा असला तरी. त्यामुळें त्याच्याशीं वाद घालण्यापूर्वीं आम्हांस थोडा अभ्यास करावा लागला.

स्पीकरवर छापलेले वॅट म्हणजे तो किती आवाज देतो हें नव्हे. किती शक्ति सोसूं शकतो, हें होय. त्या काळचे असले रेडिओ देऊन देऊन तीन ते पांच वॅट देत. तेवढ्या शक्तीचा आवाज किती होईल, हें ठरतें स्पीकरच्या संवेदनशीलतेवर. एक वॅट दिला असतां एक मीटर अंतरावर किती डेसिबल ध्वनि मिळतो, हा आंकडा चांगले कारखानदार स्पीकरबरोबर देतात. तीन डेसिबल अधिक हवे असतील, तर शक्ति दुप्पट लागते. हलक्या कागदी पडद्याचे जुने स्पीकर बहुधा ९० च्या वर असत. जाड रबरी कडेचे, खर्ज घुमविणारे आजचे पुष्कळ लहान स्पीकर ८६ च्या आसपास असतात. ९२ व ८६ यांत सहाचें अंतर. म्हणजे जुन्यास चार वॅट पुरत असतील, तर तेवढ्याच आवाजासाठीं नव्यास सोळा हवेत. ते आणावयाचे कोठून? वासराला मोटेस जुंपावें, तसा हा प्रकार. तें बिचारें ओढील, पण पाणी थारोळ्यापर्यंत यावयाचें नाहीं.

याहून गंभीर गोष्ट ओहमांची. विजेच्या प्रवाहास स्पीकर जो अडथळा करतो, तो ओहम या मापानें सांगतात, आणि प्रत्येक रेडिओची रचना ठराविक ओहमांसाठीं केलेली असते. आमच्या रेडिओच्या तळाशीं चिकटविलेल्या चिठ्ठीवर तो आंकडा ४ आहे. (अमेरिकन गाड्यांतले कित्येक जुने डेल्को रेडिओ १० ओहमांचे असत, तेव्हां चिठ्ठी वाचल्यावांचून पुढें जाऊं नये.) चार-चारचे दोन स्पीकर समांतर जोडले, कीं अडथळा दोनावर येतो व प्रवाह वाढतो. नवीं यंत्रें अशा वेळीं बहुधा स्वतःस बंद करून घेतात. जुन्यांत ती सोय नाहीं. आमच्या रेडिओच्या शेवटच्या टप्प्यांतले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे आहेत. जर्मेनियमचा स्वभाव असा कीं, तो तापला म्हणजे त्यांतून अधिक प्रवाह वाहतो, आणि अधिक प्रवाह वाहिला म्हणजे तो आणखी तापतो. हें चक्र एकदां सुरू झालें, तर गाणें संपण्यापूर्वींच ट्रान्झिस्टर संपतो, व त्याच्या जोडीचा दुसरा आज सहजासहजीं मिळत नाहीं. न जुळणारा स्पीकर दुकानांत परत करतां येतो. जळलेला रेडिओ कोणाकडे परत करावयाचा?

पुतण्यास हे आंकडे कागदावर मांडून दाखविले, तेव्हां तो क्षणभर गप्प झाला. मग त्यानेंच विचारलें, दोन स्पीकर एकामागें एक जोडले तर? तर आठ ओहम होतात. धोका कांहीं नाहीं, पण मिळणारी शक्ति सुमारें निम्मी होते. दोन हवेच असतील, तर आठ-आठ ओहमांचे घेऊन समांतर जोडावे, म्हणजे हिशेब बरोबर चारचा येतो. तसें करतांना दोघांचे पडदे एकाच वेळीं पुढें सरकतात कीं नाहीं, हें दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहावें; एक पुढें व एक मागें सरकत असेल, तर एकाचा खर्ज दुसरा खाऊन टाकतो. तसेंच, मूळ जोडणींत नसेल तर स्पीकरची तार गाडीच्या पत्र्यास कदापि जोडूं नये. कित्येक मेकॅनिकांस तशी संवय असते.

पण आमच्या मतें दोन हवेतच कशाला? रेडिओस वाहिनी एकच. मध्यम लहरींवरचें प्रक्षेपण सुमारें पांच हजार कंपनांच्या वर फारसें कांहीं आणीत नाहीं. त्यापुढची पट्टी वाजविणारा लहान ट्विटर बसविला, तर त्यांतून केवळ फुसफुस यावयाची. खर्जाची गोष्ट तर त्याहून सोपी. मांजरसुंब्याचा घाट दुसऱ्या गिअरमध्यें चढतांना पद्मिनीचें इंजिन स्वतःच इतका खर्ज लावतें, कीं रेडिओचा त्यांत बुडून जातो. उरतो तो मधला पट्टा, सुमारें ३०० पासून ३,००० कंपनांपर्यंतचा, आणि मनुष्याचें बोलणें समजावयास तो बव्हंशीं पुरतो. हलका कागदी पडदा तोच पट्टा मोकळेपणानें वाजवितो.

म्हणून आम्ही मूळचाच स्पीकर काढून पुण्यास नेला. बुधवार पेठेंत तपकीर गल्लीच्या आसपास हिंडतां हिंडतां नवा कागदी पडदा व वेटोळें बसवून देणारा एक वृद्ध कारागीर भेटला. आम्ही त्यास एकच अट घातली: ओहम बदलतां कामा नयेत. त्यानें काम पुरें करून मीटर लावला. कांटा साडेतीनाच्या जरा खालीं थांबला. (४ ओहमांचा स्पीकर मीटरवर थोडा कमीच दिसतो, त्यानें घाबरूं नये.) नवा आवाज प्रथम किंचित् आखडलेला वाटला, आठवडाभरांत मोकळा झाला.

त्या श्रावणांत आत्याबाई नेहमींप्रमाणें पुढें बसल्या. बीडहून निघून घाटास लागेपर्यंत बातम्या अर्ध्या झाल्या होत्या. जायकवाडीच्या पाण्याचा टक्का पुतण्यानें मागून मोठ्यानें सांगितला, तोहि चुकीचा. आत्याबाईंनीं मान न वळवितां तो दुरुस्त केला. त्यांनीं स्पीकरविषयीं एक अक्षरहि काढलें नाहीं, व आम्हींहि विचारलें नाहीं. पुढें कपिलधारेकडे वळल्यावर बालाघाटचे डोंगर दोन्हीकडून जवळ येतात आणि केंद्राचा आवाज हळूहळू विरूं लागतो. आम्ही रेडिओ बंद केला. मन्मथस्वामींच्या समाधीपाशीं धबधब्याचा आवाज पुरेसा असतो. तेथें दुसरा नेऊं नये असें आमचें मत आहे, मग तो कितीहि चांगल्या स्पीकरमधून येवो.

मध्यम लहरींचें प्रक्षेपण पूर्वींपेक्षां आटत चाललें आहे, व पुतण्या आतां मोबाइलवरचा आवाज याच रेडिओंतून काढण्याची खटपट करीत आहे. ती साधेल, शक्ति तीच, स्पीकर तोच, तेव्हां आमची हरकत नाहीं. तूर्त काळजी आहे ती धुळीची. उन्हाळ्यांत आमच्याकडची धूळ फटींफटींतून आंत शिरते आणि वेटोळ्याच्या अरुंद खाचेंत बसली, कीं पुन्हां तीच खरखर. म्हणून जाळीच्या मागें विरळ मलमल ताणून लावली आहे. दर वैशाखांत ती काढून धुवावयाची.