आतनं दाव!

चार दिवस झाले, भेटेल त्याला मी गिटारच्या पोटातली गोष्ट सांगत सुटलोय. बायकोने फोनवर दोनदा ऐकून घेतली, तिसऱ्यांदा "भाजी करपतेय" म्हणाली. म्हणून आता लिहूनच काढतो.

मी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या क्वालिटी विभागात आहे. सध्या सहा महिन्यांसाठी जपानला, नागोयात. रविवारी ओसूच्या बाजारात भटकत होतो, पाऊस लागला म्हणून जुन्या वाद्यांच्या एका दुकानात शिरलो. घ्यायचं काही नव्हतं. कॉलेजात शिकलेल्या तीन कॉर्डवर माझं गिटारवादन थांबलंय ते थांबलंयच. पण भिंतीवर एक गिटार टांगलेली होती. जाड, पोकळ, व्हायोलिनसारखं फुगीर पोट आणि त्यावर इंग्रजी एफच्या आकाराची दोन भोकं. मध-तपकिरी रंग, कडांना काळसर. जॅझवाल्यांच्या हातात असते ती.

मालक सत्तरीचे असावेत. त्यांनी ती न विचारताच खाली काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी सवयीने एफ-भोकाच्या कडेला नख लावलं आणि चमकलो. थर! एकावर एक चिकटवलेले पातळ थर. प्लायवूड!

आता मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीच्या शेजारच्या बोळात लहानाचा मोठा झालो. तलवारींना धार लावणारे शिकलगार जिथे पुढे सतारी घडवू लागले, त्या गावात "प्लायवूडचं वाद्य" ही शिवी आहे. मी लगेच गल्लीतल्या, तंबोरे घडवणाऱ्या रहीमचाचांना व्हिडिओ कॉल लावला. आमच्या तिकडे दुपारचा दीड, चाचा जेवून तंबोऱ्याच्या तबलीवर हात फिरवत बसलेले.

"चाचा, हे बघा. प्लायवूडची गिटार. पन्नास वर्षं जुनी म्हणे."

चाचांनी चष्मा वर सरकवला. "वरनं काय दावतोस? वरनं समदेच गुळगुळीत करत्यात. आतनं दाव."

आतनं कसं दाखवू? मी मालकांना खुणांनी समजावलं. ते हसले, खणातून दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा काढला आणि एक बारीक टॉर्च. आरसा एफ-भोकातून आत गेला, आणि तिथे माझा रविवार बदलला.

आत कुणी बघणार नाही. ग्राहक बघत नाही, वाजवणारा बघत नाही, मंचावरून तर प्रश्नच नाही. आणि तिथे, अंधारात, दोन लांब आडण्या पोटाच्या फुगवट्याला अशा बसल्या होत्या की मध्ये फट मोजायच्या फीलर गेजचं सगळ्यात पातळ पान शिरलं नसतं. वरचं पान आणि बाजूची भिंत जिथे मिळते, तिथे आतून एक पट्टी लावलेली असते. ती वाकावी म्हणून तिला करवतीने छोट्या छोट्या खाचा पाडतात. त्या खाचा मी मोजत गेलो. एकसारखं अंतर, एकसारखी खोली, कंबरेच्या वळणावरसुद्धा. सरसाचा एक ओघळ नाही. आमच्याकडे ऑडिटच्या आदल्या रात्री जी स्वच्छता येते ना, ती इथे पन्नास वर्षं आत बसून होती!

चाचा गप्प. मग म्हणाले, "हात बसलेला हाय गड्याचा."

थरांचं कारणही मालकांनीच सांगितलं, अर्धं बोलून, अर्धं हातवारे करून. महागड्या जॅझ गिटारीचं पोट स्प्रूसच्या जाड लाकडातून कोरून काढतात. पण अँप्लिफायर जोडून आवाज वाढवला की असं जिवंत पोट स्वतःच घुमायला लागतं, आणि शिट्टी सुरू होते. म्हणून अमेरिकेत गिब्सनने १९४९ मध्ये ईएस-१७५ आणली ती मुळातच थरांची. पातळ पानं साच्यात सरसासकट दाबून फुगवटा द्यायचा. पोट जरा मुकं होतं आणि शिट्टी आटोक्यात राहते. जॅझ गिटारवादक जो पास ज्या गिटारीसाठी ओळखला गेला, ती हीच ईएस-१७५. माझ्या मांडीवर होती ती तिची जपानी नक्कल, इबानेझच्या नावाची. खुंट्यांच्या माथ्यामागे नंबरच नव्हता, म्हणजे १९७५च्या आधीची. नंबर घालायला सुरुवात झाली ती त्या साली.

इबानेझ हे नाव स्पॅनिश, कंपनी मात्र याच नागोयातली. होशिनो नावाच्या पुस्तकांच्या दुकानाचा वाद्यविभाग, सुरुवात १९०८. स्पेनहून साल्वादोर इबान्येझच्या गिटारी मागवायचे, पुढे तेच नाव उचललं. या नकलांच्या काळात स्वतः ते गिटारी बांधत नसत, बांधून घेत. बांधणारे कारखाने होते पलीकडे नागानो प्रांतात, मात्सुमोतोला: १९६०चं फुजिगेन आणि मात्सुमोकु. हे मात्सुमोकु ऐकून तर मी हसलोच. त्यांचं आधीचं काम शिलाई मशीनची लाकडी कपाटं! सिंगरची! आमच्या आजीच्या घरात सिंगरचं मशीन होतं, त्याचा खण पन्नास वर्षांनीही एका बोटाने सरकायचा. ते मशीन जपानचं नव्हतं, पण खण बनवणाऱ्या हातांनी उद्या गिटार बनवली तर ती कशी होईल, हे मला त्या क्षणी अंगठ्याला कळलं. कारण अंगठा तेव्हा मानेच्या कडेने फिरत होता. जुन्या गिटारीत लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं काट्यासारखी बाहेर येतात. इथे खालपासून वरपर्यंत एकही काटा नाही. लाकूड वाळू द्यायला कुणीतरी घाई केली नव्हती.

सगळंच सोन्याचं होतं असंही नाही. आवाजाची बटणं फिरवली की पापड मोडल्यासारखी खरखर. त्या काळच्या जपानी गिटारींत लाकूड अव्वल आणि वायरिंग मात्र जेमतेम, हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे. आणि सुरुवातीच्या कित्येक नकलांची मान नुसती बोल्टने आवळलेली असे. ही चिकटवलेली होती.

या नकलांना हौशी लोक "खटल्यातल्या गिटारी" म्हणतात आणि त्या नावावर किंमत चढवतात. खटला खरा आहे. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने होशिनोच्या अमेरिकन शाखेवर फिलाडेल्फियात दावा लावला, पण वाद होता फक्त माथ्याच्या आकाराचा, आणि तो कोर्टाबाहेर मिटला. तोवर होशिनोने आकार बदललाही होता. म्हणजे कोर्टात गेला तो माथा, आणि लोक पैसे मोजतात पोटासाठी. मोजू देत बापडे, पोट त्या लायकीचं आहे.

मग मालकांनी आतल्या खोलीतून दुसरी आणली. ही नक्कल नव्हती. जीबी-१०, इबानेझने जॅझ गिटारवादक जॉर्ज बेन्सनसाठी केलेली. १९७७च्या सुमारास बेन्सन मोठमोठ्या सभागृहांत वाजवत होता, त्याला शिट्टी न मारणारी लहान अंगाची गिटार हवी होती. पोट ईएस-१७५ पेक्षा चांगलंच अरुंद. मालकांनी खिशातून आपलं व्हिजिटिंग कार्ड काढलं. मला वाटलं, देतायत. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते कार्ड तारांचा आवाज उचलणाऱ्या पिकअपच्या खाली सरकवलं, आणि ते आरपार गेलं! पिकअप पोटाला टेकतच नाही. एक मानेच्या टोकाला धरलेला, दुसरा पिकगार्डला, दोन्ही अधांतरी, म्हणजे पोटाला भोक नको आणि ओझंही नको. माझे हात अजून पुढेच होते. मग ते कार्ड त्यांनी मला खरंच दिलं.

माथ्यामागे नंबर होता, एच ८१ आणि पुढे आकडे. अक्षर महिन्याचं: ए जानेवारी, एच ऑगस्ट. ऑगस्ट १९८१. त्या महिन्यात माझा जन्म आहे, आता बोला!

मी एक कॉर्ड छेडली, अँपशिवाय. टणक, गोल, आणि चटकन विरणारा आवाज. चाचा अजून फोनवर होतेच. "आस न्हाई याला," त्यांनी निकाल दिला. आस म्हणजे छेडल्यावर रेंगाळणारा नाद. तंबोऱ्याच्या माणसाला आस नाही म्हणजे जीव नाही. मी म्हटलं, चाचा, जॅझमध्ये कधी चार मात्रांत चार-चार कॉर्ड बदलतात, मागचीचा आवाज पुढचीवर सांडला तर चिखल होईल. इथे विरणं हाच गुण. चाचांना पटलं नाही. मला मात्र बोलता बोलता पटलं, आधी कुठे माहीत होतं!

हे कारखाने पुढे बदलले. १९८५ नंतर येन महागला, स्वस्त कामं कोरियाकडे गेली, मात्सुमोकु १९८७ मध्ये बंद पडलं. फुजिगेन आजही आहे. नागोयाहून मात्सुमोतोला शिनानो गाडीने दोन तास लागतात, पुढच्या शनिवारचं तिकीट काढून ठेवलंय.

जीबी-१० परवडली नाही. पहिली घेतली, खरखरीसकट. चाचांना सांगितलं तर म्हणाले, "आण हिकडं. आरसा घेटलास का?"

आरसा राहिलाच होता. परत गेलो.