दिवा लागला तेव्हा काय चालू होतं?

आमच्या फ्लाइंग स्कूलच्या सेस्ना 172चं चार्जिंग मधूनच जायचं. विमान बराच वेळ हवेत राहिलं की ‘व्होल्ट्स’चा लाल दिवा लागायचा, अ‍ॅमीटरचा काटा उणेकडे झुकायचा. प्रशिक्षक ऑल्टरनेटरचा स्विच बंद-चालू करायचे, परत फिरायचे आणि चार्जिंग सुरू व्हायचं. जमिनीवर तपासावं तर चोख 28 व्होल्ट.

ऑल्टरनेटर गेला तरी या विमानाचं इंजिन थांबत नाही. ठिणगी मॅग्नेटो देतात. पण बॅटरी उतरली की रेडिओ, ट्रान्सपाँडर, दिवे, फ्लॅप्स सगळंच जातं. एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याला असं विमान द्यायला माझं मन धजेना.

काम माझ्याकडे आलं तोवर ऑल्टरनेटर आणि कंट्रोल युनिट दोन्ही बदलून झाले होते. स्विच फिरवल्यावर चार्जिंग येतं, म्हणजे जादा व्होल्टेजमुळे युनिट ट्रिप होतंय, असा सगळ्यांचा कयास. पाना उचलण्याआधी मी प्रशिक्षकांना विचारलं, “स्विच फिरवताना थ्रॉटलही मागे घेता का?”

“हो, परत फिरायचं म्हणजे घेतोच की.”

म्हणजे गुण स्विचचा नसेलही. इंजिनची थरथर बदलल्यानेही चार्जिंग येत असेल.

इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवलं, बंद केलं आणि लगेच काउलिंग उघडलं. मॅग्नेटो बंद, चावी माझ्या खिशात. मदतनिसाला मास्टरचे दोन्ही स्विच चालू करायला लावले. मीटरची एक पिन ऑल्टरनेटरच्या फील्ड टर्मिनलवर, दुसरी अर्थिंगवर. आकडा बॅटरीइतकाच, 24च्या आसपास. मग फील्डची वायर दोन बोटांत धरून हळूच वाकवली. आकडा शून्यावर आला. सोडली, पुन्हा वर.

वायरच्या टोकाचा लग कापून पाहिला. इन्सुलेशन धडधाकट, आत दाबलेल्या जागी तारा तुटून काळ्या पडलेल्या. फील्डला करंट नाही तर रोटरमध्ये चुंबकत्व नाही. मग ऑल्टरनेटर कितीही नवा असो, वीज होणार कुठून? इंजिन थंड असताना तुटकी टोकं एकमेकांना टेकत, म्हणून ओममीटर दर वेळी वायर शाबूत दाखवायचा.

नवा लग दाबला, थरथरीचा ताण त्यावर येऊ नये म्हणून वायरला क्लॅम्प दिला. चाचणी उड्डाणात लँडिंग लाइट, पिटो हीट सगळं लावून, आरपीएम वर-खाली करून पाहिलं. दिवा लागला नाही. मगच मी सही केली.

वैमानिकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: स्नॅग बुकात नुसतं ‘चार्जिंग जातंय’ लिहू नका. आरपीएम किती होता, काय काय चालू होतं, स्विचला हात लावण्याआधी काय हलवलंत, तेही लिहा. आम्ही विमान उघडतो. पण फॉल्ट घडताना फक्त तुम्हीच पाहिलेला असतो.