आंबा, मोटारी आणि दीड फूट माती

आमची सोसायटी पाडायचं ठरलंय. कोथरूडमधली जुनी चार मजली इमारत, सोळा बिऱ्हाडं. मी लग्न होऊन आले तेव्हा आवारात पाच-सहा स्कूटर, बाकी सायकली. आता बावीस मोटारी! मुलांनी बॅट काढली की वरून कोणीतरी ओरडतंच, "काच फुटली तर भरून देणार का?" कोपऱ्यात एक आंबा आहे, माझ्या सासऱ्यांनी कोय पेरून वाढवलेला. त्याच्याखाली मात्र कोणी गाडी लावत नाही. चीक पडतो, पक्षी घाण करतात.

तर परवा रीडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. पुढ्यात दोन नकाशे. एकात गाड्या स्टिल्टमध्ये आणि इमारतीभोवती. दुसऱ्यात सगळ्या बेसमेंटमध्ये, वर हिरवंगार. खरं सांगते, मी लगेच दुसऱ्याला हात वर केला. एका गाडीला अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा. वळायला, बाहेर काढायला लागते ती वेगळीच. त्यापेक्षा गाड्या गेल्या पाताळात तर काय वाईट?

तळमजल्यावरच्या काकू एरवी मीटिंगमध्ये बोलत नाहीत. त्यांनी आर्किटेक्टला विचारलं, "वर माती किती असणार हो?"

"दीड-दोन फूट. मस्त लॉन येईल, काकू."

"आणि आंबा?"

तो गप्प. बेसमेंट पार कंपाउंडपर्यंत खणायचं होतं, म्हणजे आंबा जाणार. आणि स्लॅबवरच्या दीड फुटात तसा दुसरा काही वाढायचा नाही. पावसाचं पाणी मुरायलाही खाली जमीन नाही.

म्हणजे गाड्या वर ठेवल्या तर मुलांचं अंगण जातं, खाली ठेवल्या तर झाडाचं. बेसमेंटमध्ये पाणी भरेल म्हणून वरच बरं, असंही नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा सहकारनगरकडे जमिनीवर उभ्या असलेल्या गाड्याही वाहून गेल्याच की.

मीटिंगमध्ये कोणीतरी २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला. स्टिल्टमधली आणि उघड्यावरची पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सगळ्यांची, असं त्यात म्हटलं होतं. मला वाटलं, सगळ्यांची म्हणताना आंब्यालाही धरायला काय हरकत आहे?

मी विचारलं, "बेसमेंट त्या कोपऱ्यापासून थोडं आत घेतलं तर?"

"घेता येईल. पण चार गाड्या कमी बसतील."

मघापर्यंत आंब्याबद्दल हळहळणारे सगळे नकाशात डोकं घालून बसले. आमच्या दोन गाड्या आहेत. नवऱ्याकडे बघायची मला हिंमत होईना, कारण दुसरी गाडी त्याचीच हौस. पण तोच म्हणाला, "आमची एक जागा कमी करा."

मग आणखी दोघांनी सोडली. चौथी अजून कोणी सोडलेली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे. कोपरा वाचला तरी खोदकामात मुळं टिकतील का, हा प्रश्न आहेच.

असो. काल संध्याकाळी खाली गेले तर नवऱ्याने गाडी आंब्याखाली लावली होती. टपावर पानं, चिकाचे डाग. मी काही बोलले नाही.