स्वस्तातले शॉकअप कुठले टाकू?

रस्त्यांच्या खड्ड्यांवर मी इतक्या बातम्या लिहिल्यात की आता खड्डेच मला ओळखत असतील. पण आज बातमी नाही. गेल्या पंधरा दिवसांत तिघांनी एकच प्रश्न विचारला, "भाऊ, पिकअपला स्वस्तातले शॉकअप कुठले टाकू?" हे पत्रकाराला का विचारायचं, असं बाहेरच्याला वाटेल. तालुक्याच्या गावात पत्रकाराला रेशनकार्डापासून मुलीच्या स्थळापर्यंत काहीही विचारतात. त्यामुळे एकदाच सगळ्यांसाठी लिहितो.

मला यातलं थोडंफार कळतं ते मामेभावामुळे. त्याची पिकअप आहे, सेकंड हॅण्ड. सीझनला टोमॅटोचे क्रेट भरून पिंपळगाव बसवंत, भाव बरा असला तर कसारा घाट उतरून वाशी. हप्ता चालू आहे. मागच्या महिन्यात मागचे दोन्ही शॉकअप गेले, तेव्हा त्याच्यासोबत गॅरेज आणि दोन-तीन दुकानं फिरलो.

आधी एक मोठा गैरसमज. माल शॉकअप उचलत नाही, पाटे उचलतात. खड्ड्यात चाक आपटलं की पाटा दबतो, उसळतो, आणि मोकळा सोडला तर वर-खाली होतच राहतो. ते हेलकावे मारणं हे शॉकअपचं काम. आत नळीत तेल असतं, दट्ट्याला बारीक छिद्रं असतात, तेल त्यातून जोर लावून जातं आणि उसळीची ताकद उष्णतेत जिरते. म्हणून खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो. गेलेला शॉकअप थंडच राहतो! मिस्तरी लोक हात लावून सांगतात ते काही जादूने नाही. (सायलेन्सर जवळ असतो, हात जपून.)

तेव्हा "हेवी शॉकअप टाक, दोन टन ओढशील" असं कोणी सांगितलं तर त्याला नमस्कार करून पुढे चला. पाटे वाढवले तरी आरसी बुकावरचं वजन वाढत नाही. जादा मालाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. एका दंडात शॉकअपचे कितीतरी जोड येतील.

दुसरं, खडखड आवाज आला म्हणजे शॉकअप गेलाच असं नाही. बरेचदा रबरी बुश झिजलेलं असतं. ते किरकोळ पैशांत बदलतं. आधी ते बघायला सांगा. शॉकअपवरून तेल ओघळतंय, रॉड वाकलाय, टायरला जागोजागी खाचा पडल्यात, रिकामी गाडी गतिरोधकावरून गेल्यावर डोलतच राहते, ही खरी लक्षणं. कारसारखं कोपरा दाबून सोडून बघायची युक्ती रिकाम्या पिकअपला मागून फारशी लागू होत नाही. पाटे इतके कडक की माणसाच्या वजनाला ते दादच देत नाहीत.

आता भावाचं. दुकानात चार प्रकारचा माल असतो. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, शॉकअप बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीच्या स्वतःच्या खोक्यातला, बिननावाचा लोकल, आणि रिपेअर केलेला. माझं मत विचाराल तर दुसरा घ्या. वाहन कंपन्या शॉकअप सहसा स्वतः बनवत नाहीत, या पुरवठादारांकडूनच घेतात. गॅब्रिएल हे नाव तुम्हाला माहीत असेल. १९६१ मध्ये मुलुंडला सुरू झालेली कंपनी, आज चाकण आणि नाशिकलाही कारखाने आहेत. अशा कंपन्या वाहन कंपन्यांनाही माल देतात आणि बाजारातही विकतात. फक्त आपल्या मॉडेलचाच नंबर बघून घ्या, "बसून जाईल" वर जाऊ नका.

रिपेअरचा मात्र नाद करू नका. जुनी नळी कापायची, तेल भरायचं, साधं सील टाकायचं, वेल्डिंग, वरून काळा रंग. रॉडवर गंजाची चीर राहिलेली असते, ती नवं सीलही फाडते. भाचा म्हणून प्रेमाने रिपेअरचा जोड देणारे एक मामा आम्हालाही भेटले. नको म्हटलं.

दुकानातच शॉकअप उभा धरून तीन-चार वेळा दाबा आणि ओढा. आडवा पडून राहिला की आत हवा जागा धरते, ती निघते. मग दाब एकसारखा लागला पाहिजे, मध्येच पोकळ वाटता कामा नये, आणि दाबण्यापेक्षा ओढायला जड लागला पाहिजे. खोक्यावर एमआरपी, महिना-वर्ष आणि बनवणाऱ्याचा पत्ता बघा. एक गेला तरी त्या बाजूचे दोन्ही बदला. एक कडक आणि एक ढिला असला की ब्रेक मारताना गाडी भरवसा देत नाही.

आणि बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय. मूळ किंमत हजार असेल तर शंभर रुपये तिथेच वाचतात. "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणणारा वॉरंटीही त्याच वाक्यात कमी करत असतो.

हे सगळं पैशांपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. गेलेल्या शॉकअपवर चाक रस्ता सोडून उडतं, आणि हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लागून उपयोग नाही. रात्रीचा घाट, भरलेली गाडी. आणि आपल्याकडे याच पिकअपमध्ये मागे उभे करून मजूर नेतात, लग्नाची वऱ्हाडं नेतात. ते बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी पहाटे मजूर अड्ड्यावर जाऊन बघा.

मामेभावाला मी विचारलं, मागचा जोड किती टिकला? म्हणाला, "दादा, किलोमीटर नको विचारू, रस्ता विचार." त्याच्या हिशेबात शॉकअपशिवाय गॅरेजला बुडालेला दिवस आहे, खालच्या क्रेटमधला चेपलेला टोमॅटो आहे, ज्याचा भाव व्यापारी बोट दाखवून कापतो. हा खर्च कुठल्याच सरकारी कागदावर नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाईचा आदेश दिला, चांगलंच झालं. पण ती माणूस पडल्यावर.

पडायच्या आधीचं एक हत्यार आपल्या गावाच्या वेशीवरच उभं असतं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची ५ वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते, आणि तारखा फलकावर लिहिलेल्या असतात. बरेच फलक बाभळीत गेलेत, काहींवर वाढदिवसाचे बॅनर आहेत. तरी शोधा. फोटो काढा, गावाचं नाव लिहा आणि खाली कमेंटमध्ये टाका. तारीख नीट वाचता आली पाहिजे. ज्या रस्त्यांची मुदत अजून बाकी आहे त्यांची यादी घेऊन सोमवारी अकरा वाजता मी ऑफिसला जाणार आहे. ज्यांच्या पिकअप आहेत त्यांनी गॅरेजचं बिल घेऊन सोबत यावं.